मॅच न बघणारा बाप

लुबोर पोस्पीखालवर माझा राग आहे आणि तो मी मरेपर्यंत ठेवणार आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलले तर कुणाचा गैरसमज व्हायला नको.

मी ब्लाझेना. आमच्या दुबिना गावात टेनिसचा क्लब आहे. लाल मातीची तीन कोर्टं आणि एक कँटीन. कँटीन एकतीस वर्षं मी चालवते आणि कोर्टं लुबोर बघतो. सकाळी मातीवर पाणी मारणारा, रोलर फिरवणारा, रेषांच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकणारा तोच. आमच्याकडे खेळून झालं की कोर्ट झाडूनच बाहेर पडायचं असतं. न झाडता निघालेल्याला लुबोर फाटकातून परत बोलावतो, मग तो कुणीही असो. एकदा त्यानं महापौरांना बोलावलं. महापौर हातातली बिअर ठेवून गेले आणि गुपचूप झाडू ओढायला लागले.

पोस्पीखाल म्हणजे आमच्या चेक भाषेत 'घाई केली'. आडनावं बहुतेकांना उगाच चिकटलेली असतात, पण हे त्याला मापाचं बसलंय. माणसाचं बूड कधी टेकलेलं मी पाहिलं नाही. सूप उभ्यानं पिणार, पेपर चालता चालता वाचणार. ट्रॅक्टरच्या कारखान्यात लेथवर होता तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कारखान्याला चकरा मारायचा. बायको दाताच्या डॉक्टरबरोबर ओस्त्रावाला निघून गेली, तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या, बिचारीची मान दुखली असेल याच्याकडे बघून बघून. मीही हसले होते. मग दुसऱ्या दिवशी तो पाच वर्षांच्या मुलीचा हात धरून कँटीनच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ब्लाझेना, मी पाळी संपवून येईपर्यंत हिला बसव इथं." तेव्हा माझं हसू गेलं.

ती देनिसा. बसवायला सांगितलं होतं, पण बापाचीच लेक, बसते कुठली. त्यानं एका जुन्या लाकडी रॅकेटची मूठ कारखान्यात नेऊन तिच्या हाताच्या मापाची करून दिली होती. ती घेऊन पोरगी दिवसभर माझ्या कँटीनच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारायची. कपाटातले ग्लास खणखणायचे. मी ओरडायची, ती दहा मिनिटं थांबायची आणि पुन्हा सुरू. सात वर्षांची असताना तिनं आमच्या डाकबाबूला हरवलं. डाकबाबू आठवडाभर क्लबात फिरकला नाही.

पुढची गोष्ट आमच्या देशात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. हिवाळ्यात लुबोर तिला जुन्या श्कोडा गाडीतून तीस किलोमीटरवर ब्र्नोच्या हॉलमध्ये न्यायचा, आठवड्यातून चारदा. हीटर चालायचा नाही, म्हणून पोरीच्या पायावर घोंगडी आणि मांडीवर माझ्याकडच्या गरम सुपाचा थर्मास. चौदाव्या वर्षी ती राष्ट्रीय कुमारी विजेती झाली. सतराव्या वर्षी परदेशी खेळायला लागली. बाविसाव्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन झालं आणि पेपरवाल्यांनी तिला मोडीत काढलं. सव्विसाव्या वर्षी तिनं समुद्रापलीकडची मोठी स्पर्धा जिंकली आणि त्याच पेपरवाल्यांनी लिहिलं की आम्हाला खात्री होतीच. एके काळी ती जगात नववी होती. आमच्या गावात नववा नंबर म्हणजे ट्रॅमचा, तोही ब्र्नोला.

आणि या सगळ्यातली एकही मॅच बापानं पाहिली नाही.

ती लहान असताना बघायचा, जाळीला बोटं अडकवून उभा असायचा. मग एक दिवस बंद केलं. तिला स्पर्धेला सोडायचा, आणि पहिला चेंडू पडायच्या आत गायब. कधी नदीकाठी, कधी स्टेशनावर. टीव्हीवरही नाही. गावात ज्याला त्याला याचं कारण ठाऊक होतं. कुणी म्हणे त्याची नजर अपशकुनी आहे, तो बघतो तेव्हा ती हरते. कुणी म्हणे हृदय कमजोर आहे. डाकबाबू म्हणे, बायको गेली तेव्हापासून त्याला कशाचं काही वाटतच नाही. मी एकदा सरळ त्याला विचारलं. तो म्हणाला, "ते आमच्यातलं आहे." मी म्हटलं, "मी तिला सूप पाजलंय, मी पण आमच्यातलीच आहे." त्यावर तो झारी घेऊन तिसऱ्या कोर्टावर गेला. तिथं आदल्याच तासाला पाणी मारून झालं होतं.

पण निकाल कळल्याशिवाय त्याचा जीव राहायचा नाही. क्लबच्या वर ओकच्या झाडांचं जंगल आहे, चढावर. तिथून माझ्या कँटीनचा कठडा दिसतो. मॅच सुरू झाली की लुबोर टोपली घेऊन वर जायचा, अळंब्यांच्या दिवसांत अळंब्या, नाहीतर सरपण. मी खाली टीव्ही बघायची. देनिसा जिंकली की मी कठड्यावर लाल चौकड्याचा टेबलावरचा कपडा टाकायची. हरली की पांढरा. मॅच चालू असेपर्यंत कठडा मोकळा. सोळा वर्षं ही आमची पद्धत होती. नवीन गिऱ्हाईक विचारायचं, बाई, कपडे आत्ताच का वाळत घालताय? मी म्हणायची, तुमची बिअर प्या.

ती समुद्रापलीकडची फायनल झाली तेव्हा जानेवारी होता आणि जंगलात कंबरभर बर्फ. मग त्यानं आपल्या अंगणात, जिथून कठडा दिसतो, लाकडं फोडायला घेतली. आपली फोडली, माझी फोडली, पलीकडच्या काद्लेचची फोडली, आणि काद्लेचनं बाकासाठी आणून ठेवलेल्या रंधा मारलेल्या फळ्यासुद्धा फोडल्या. लाल कपडा दिसला तेव्हा कुऱ्हाड टाकून तो अंगणात नुसता गोल गोल चालत राहिला. सगळी गल्ली हॉर्न वाजवत होती. काद्लेचनं त्या दिवशी फळ्यांबद्दल काही काढलं नाही. सोमवारी काढलं.

गेल्या ऑगस्टमध्ये देनिसा घरी आली. तेहेतीस वर्षांची झाली होती, खांदा पुन्हा कुरकुरायला लागला होता. माझ्या कँटीनमध्ये बसून तिनं चरबी लावलेला पाव आणि कांदा खाल्ला, आणि बापाला म्हणाली, "बाबा, सप्टेंबरमध्ये प्रागला खेळणार आहे. ती शेवटची. मग बास."

"बरं," लुबोर म्हणाला. तो अर्थातच उभा होता.

"तू ये."

"कोर्टांना पाणी कोण मारणार?"

"मावशी मारेल."

"ती बिअर मारेल."

"बाबा, प्राग म्हणजे अडीच तासांची गाडी आहे. मी काही तुला समुद्र ओलांडायला सांगत नाहीये. एकदा ये. एकदाच."

त्यानं तिच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हा हो म्हणतोय. पण मग त्याचे पाय चुळबुळायला लागले, आणि तो म्हणाला की रोलरचं चाक बघायचं राहिलंय. गेला. देनिसा पावाचा तुकडा बशीत कुस्करत राहिली.

"मावशी, मी खेळते ते त्याला आवडत नाही का गं?" तिनं विचारलं. "म्हणजे, मी केलं हे सगळं, ते कुणासाठी केलं असं त्याला वाटतं?"

मी म्हटलं, "तुझा बाप येडा आहे." तेहेतीस वर्षांच्या बाईला हे उत्तर पुरणारं नव्हतं. कपड्यांचं सांगावं असं जिभेवर आलं होतं, पण लुबोरनं मला फार पूर्वीच बजावलं होतं, तिला यातलं काही कळता कामा नये. मी तिची बशी धुवायला उचलली. तिला तेव्हाच सांगितलं नाही, याबद्दल मला स्वतःचीही चीड येते.

आता तो गुरुवार.

प्रागमध्ये देनिसाची क्वार्टरफायनल होती. मॅच तीन तास चालली. कँटीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या सेटमध्ये ती मागे पडली, बरोबरीला आली, पुन्हा मागे पडली, आणि जिंकली. काद्लेच टेबलावर चढला. महापौरांनी सगळ्यांना बिअर सांगितली. चाळीस ग्लास मी एकटी भरत होते, त्यात कुणी सॉसेज मागत होतं, कुणी मोहरी, आणि मीही दोन छोटे पेग लावले, खोटं कशाला बोलू. कठड्यावर कपडा टाकायचा राहिला. पंधरा मिनिटं नाही, अर्धा तास नाही, पाऊण तास.

वर जंगलात लुबोर होता, हातात टोपली आणि माती खरवडायची सुरी. अळंब्यांच्या बाबतीत त्याच्यासारखा कडक माणूस आमच्या गावात नाही. अळंबी कापायची नाही, पिळून मुळासकट काढायची, असं गावातल्या प्रत्येक पोराला त्यानंच शिकवलंय. कारण हिरव्या टोपीची एक अळंबी असते, पाव-चुऱ्यात घोळवून तळली की तिच्यासारखी चव नाही. आणि तिच्याच शेजारी, त्याच ओकखाली, तशाच हिरवट टोपीची दुसरी उगवते. ती माणूस मारते. हिच्या बुडाशी मातीत एक पिशवी असते, एवढाच फरक धरून चालायचं. वरून कापली की पिशवी मातीत राहते आणि तुम्ही मरण टोपलीत घालून घरी येता. "पाय बघितल्याशिवाय डोक्यावर विश्वास ठेवायचा नाही," असं तो पोरांना म्हणायचा.

त्या दिवशी पाऊण तास त्याची नजर माझ्या कठड्यावर होती, आणि हात आपले कापत होते.

शेवटी तो खाली आला. दारात उभा राहिला, तोंड पांढरंफटक. म्हणाला, "हरली?"

"जिंकली की," मी म्हटलं.

"मग कपडा?"

मी कपाळावर हात मारला. तो मला शिव्या घालेल असं वाटलं होतं, पण तो हसला. इतका हसला की त्याला दाराची चौकट धरावी लागली.

संध्याकाळी त्यानं अळंब्या तळल्या, बटाट्यांबरोबर खाल्ल्या, आणि दोन तुकडे बशीत झाकून मला आणून दिले. मी दुपारी तीन सॉसेज खाल्ले होते, वर पेग. पोटात जागा नव्हती. उद्या खाईन म्हणून बशी फ्रीजमध्ये ठेवली. मी आज हे सांगायला जिवंत आहे ती त्या सॉसेजमुळे. माझा डॉक्टर मला सॉसेज सोडा म्हणतो, त्याला मी हे सांगितलंय.

शुक्रवारी सकाळी आठ वाजले तरी कोर्टांवर पाणी पडलं नव्हतं. मी त्याच्या घरी गेले. तो न्हाणीघराच्या फरशीवर बसला होता. बसलेला लुबोर मी पहिल्यांदाच बघत होते.

"पोट बिघडलंय," तो म्हणाला. "पहाटेपासून."

मी स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली उपडी केली. देठांचे तुकडे निघाले. सगळे सरळ कापलेले, एकालाही मूळ नव्हतं.

"लुबोर, मुळासकट काढल्यास ना?"

त्यानं माझ्याकडे बघितलं फक्त, आणि आम्हा दोघांनाही कळलं.

अँब्युलन्समध्ये मी माझी झाकलेली बशी मांडीवर घेऊन बसले. ब्र्नोच्या हॉस्पिटलात एक माणूस ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायला घेऊन गेला आणि तासाभरानं परत आला. त्यानं आधी मला विचारलं, "बाई, तुम्ही किती खाल्लं?" मी म्हटलं काहीच नाही. मग तो म्हणाला, "बसा."

डॉक्टरीण तरुण होती, सरळ बोलणारी. तिनं सांगितलं की उद्या त्याला बरं वाटेल, फसू नका. विष यकृतात गेलंय. रविवार, सोमवार, मंगळवार, या तीन दिवसांत काय ते ठरेल. नाही सुधारलं तर दुसरं यकृत शोधावं लागेल, आणि ते वेळेत मिळेलच असं नाही. मुलीला बोलावून घ्या.

"नाही," खाटेवरून लुबोर म्हणाला. "उद्या तिची सेमीफायनल आहे."

"अरे पण..."

"ब्लाझेना, तिची शेवटची स्पर्धा आहे. मी आयुष्यात तिच्या आड आलो नाही. आता येणार नाही. रविवारी संपलं की सांग."

मला त्याला झोडपावंसं वाटलं. पण सलाईन लावलेल्या माणसाला कसं झोडपणार? देनिसा रोज संध्याकाळी साडेसातला फोन करायची. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून फोन घेतला.

"बाबा फोन का उचलत नाहीये?"

"जंगलात आहे."

"आत्ता? अंधार पडतोय."

"तुला माहीत नाही का तो. तू खेळ नीट."

शनिवारी परत तेच. डॉक्टरीण म्हणाली तसं शनिवारी त्याला खरंच बरं वाटलं. सलाईनचा खांब ढकलत तो कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायला लागला, नर्सला म्हणाला मला घरी सोडा, कोर्टं सुकली असतील. देनिसा सेमीफायनल जिंकली. माझ्याकडे कपडा नव्हता, म्हणून मी कॉरिडॉरच्या टोकाला माझा लाल स्वेटर हातात धरून उभी राहिले. त्यानं लांबून मान हलवली आणि चकरा सुरू ठेवल्या. मी फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. हा मेला तर ती मला कधी माफ करेल? आणि मी सांगितलं आणि तो वाचला, तर तो करेल? त्या रात्री मी डोळा मिटला नाही. कपडा, कपडा, एवढंच डोक्यात चाललं होतं.

रविवारी त्याचे डोळे पिवळे झाले होते आणि त्याला उठता येईना. खोलीत आणखी तिघं होते, आणि टीव्ही. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एका जाड्या माणसानं दोन वाजता फायनल लावली.

"बंद करा ते," लुबोर म्हणाला.

"बंद? अहो, सगळा देश बघतोय. आपली पोस्पीखालोवा शेवटची खेळतेय. तुम्ही चेक आहात का कोण?"

"मग मला बाहेर न्या."

नर्स म्हणाली, या खाटेवरून हलायचं नाही. लुबोरनं भिंतीकडे तोंड केलं. आम्ही नाव सांगितलं नव्हतं. आमच्याकडे लेकीच्या आडनावाला 'ओवा' लागतं, पण पोस्पीखाल गावोगावी आहेत, कागदावर वाचलं तरी कोण जोडणार. पहिला सेट त्यानं भिंतीकडे बघत ऐकला. पांघरुणाखाली त्याचे पाय चालत होते, अगदी चालल्यासारखे. पहिला सेट देनिसा हरली. दुसऱ्याच्या सुरुवातीला एक लांब रॅली झाली, तीस-पस्तीस फटक्यांची, आणि टप्प टप्प आवाज संपेचना. लुबोर हळूच वळला.

बावीस वर्षांनी तो तिला खेळताना बघत होता.

"सर्व्हिस करताना जीभ बाहेर काढते," तो म्हणाला.

"लहानपणापासून," मी म्हटलं.

"हो. पण अजून?"

फटका बसला की त्याचा उजवा हात पांघरुणावर हलायचा. हातात सलाईनची सुई होती, मी ती धरून बसले. गेम संपला की देनिसा टॉवेलनं तोंड पुसायची आणि वर खुर्च्यांकडे बघायची. प्रत्येक वेळी एकाच जागी. तिथं तिचा कोच होता, मालिश करणारा होता, आणि मध्ये एक खुर्ची रिकामी होती. टीव्हीवरचा बोलणारा म्हणाला, ही खुर्ची देनिसा पोस्पीखालोवा पहिल्यापासून प्रत्येक स्पर्धेत वडिलांसाठी ठेवते, ते कधी आलेले नाहीत. कँटीनच्या गोंगाटात मला हे कधी ऐकूच आलं नव्हतं.

लुबोरला रडू फुटलं. मी त्याला तीस वर्षं ओळखते, बायको गेली तेव्हा रडला नव्हता. मलाही आवरेना. पित्ताशयवाला म्हणाला, "अहो, अजून हरली नाहीये."

पण ती हरली. तिसऱ्या सेटमध्ये, थोडक्यात. तिच्या हातात माईक दिला. तिनं सगळ्यांचे आभार मानले, आणि मग म्हणाली, "माझे बाबा आत्ता जंगलात असतील. बाबा, संपलं आता. घरी ये."

"कसला बाप म्हणायचा हा," पित्ताशयवाला म्हणाला. "पोरगी बोलावतेय आणि हा जंगलात."

"हा बघा," मी म्हटलं. "तुमच्या शेजारच्या खाटेवर."

तो बघतच राहिला. मग त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला आणि आपली सफरचंदं आणून लुबोरच्या कपाटावर ठेवली. लुबोरला पाण्याशिवाय काही चालत नव्हतं, पण ठेवली.

मी जिन्यात जाऊन फोन केला. देनिसा संध्याकाळी पोचली, खेळाच्याच कपड्यांत, बुटांना प्रागची लाल माती. लुबोर तोवर गुंगीत गेला होता. ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारभर ती कॉरिडॉरमध्ये चालत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. खोलीत जायची, बापाचा पिवळा चेहरा बघायची आणि लगेच बाहेर यायची.

"बस गं जरा," मी म्हटलं.

"बसवत नाही. बघवत नाही."

"तुमच्या घराण्यात खुर्ची कुणाला लाभतच नाही."

ती थांबली. मग मी तिला सगळं सांगितलं, कपड्यांचं. लाल काय, पांढरा काय, जंगल, सोळा वर्षं, काद्लेचच्या फळ्या, आणि गुरुवारची माझी पाऊण तासाची चूक. ती ऐकताना भिंतीला टेकली होती.

"म्हणजे प्रत्येक मॅचला तो तिथं उभा असायचा? माझ्या प्रत्येक मॅचला?"

"प्रत्येक. तू पहिल्याच फेरीत बाहेर पडायचीस त्यांनासुद्धा."

"आणि काल?"

"काल बघितली. पाठ फिरवता आली नाही म्हणून. पहिला सेट सोडून सगळी बघितली."

ती पुन्हा चालायला लागली, पण आता हळू.

मंगळवारी संध्याकाळी डॉक्टरीण आली आणि म्हणाली की आकडे फिरलेत. यकृत आपलं आपण सावरतंय. दारू आयुष्यात नाही, आणि अळंबीकडे बघायचंसुद्धा नाही. मी तिथंच बाकावर बसून हुंदके देऊन रडले, लाज न बाळगता.

बुधवारी लुबोर नीट शुद्धीवर आला. देनिसा खाटेच्या कडेवर बसली होती. मी बाहेर जायला निघाले, तर त्यानंच हातानं खूण करून थांबवलं.

"शेवटच्या सेटमध्ये चौथ्या गेमला तू पाय हलवतच नव्हतीस," तो तिला म्हणाला. आवाज अगदी बारीक.

"खांदा दुखत होता."

"खांद्यानं चालतेस काय?"

ती हसली, आणि हसता हसताच तिनं विचारलं, "का आला नाहीस, बाबा? एकदाही?"

"तूच सांगितलंस."

"मी?"

"झ्नोइमोला जिल्ह्याची फायनल होती. तू हरलीस. परत येताना गाडीत म्हणालीस, बाबा, तू बघतोस ना, तेव्हा मला चेंडू दिसत नाही, तूच दिसतोस. नको बघत जाऊस."

देनिसा आठवायचा प्रयत्न करत होती. तिच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं, आणि काही सापडत नव्हतं तेही.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"मला आठवतंय."

"मी अकरा वर्षांची होते, बाबा."

"असशील. पण खेळत तूच होतीस ना."

खोलीत पित्ताशयवाला झोपल्याचं सोंग करत होता. लुबोरनं विचारलं, "म्हणजे मी आलो असतो तर चाललं असतं?"

तिनं मान डोलावली.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून," देनिसा म्हणाली.

त्यानं डोळे मिटले. पांघरुणाखाली पाय एकदा हलले आणि थांबले. मला वाटलं त्याला झोप लागली. मी माझी पिशवी उचलली, तेवढ्यात तो म्हणाला, "बरं. पुढची मॅच कधी?"

सगळ्या देशासमोर निवृत्त होऊन तिला तीन दिवस झाले होते. तिनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"मेमध्ये," ती म्हणाली. "आपल्या क्लबकडून. जिल्ह्याची लीग. समोर बहुतेक बँकेतली बाई असेल."

"कुठली? ती डावखुरी?"

"तीच."

"तिची सर्व्हिस वाईट नाही," लुबोर म्हणाला. "मी पुढच्या रांगेत बसतो."

आमच्या क्लबात रांगा नाहीत. एकच बाक आहे, आणि त्यावर तो आजवर कधी बसलेला नाही.